चेहऱ्याखालची पट्टी

बरेला सर आमच्या चॅनलवर आले की मेकअपच्या खोलीकडे वळायचेच नाहीत. तडक कंट्रोल रूममध्ये शिरायचे, ग्राफिक्सवाल्याच्या खुर्चीमागे उभे राहायचे आणि शांतपणे विचारायचे, "माझ्या चेहऱ्याखाली आज काय लिहिलंय?" पडद्यावर माणूस बोलत असताना खाली नावाची पट्टी येते ना, ती त्यांना आधी वाचायची असायची. पट्टीवर दर वेळी तेच: गुमान बरेला, आदिवासी चिंतक. सर म्हणायचे, "बदला." ग्राफिक्सवाला माझ्याकडे बघायचा, मी छताकडे बघायची. मग तो मुकाट्यानं 'निवृत्त प्राध्यापक, रस्ते अभियांत्रिकी' असं टाइप करायचा आणि सर त्याचे आभार मानून स्टुडिओत जाऊन बसायचे. कार्यक्रम सुरू झाला की पाचव्या मिनिटाला वरून संपादकांचा फोन यायचा आणि पट्टी पुन्हा होती तशी व्हायची.

मी तेव्हा इंदूरच्या विजय नगरमधल्या त्या लोकल चॅनलमध्ये पाहुणे जमवायचं काम करत होते. रोज संध्याकाळी राजकारणावर एक डिबेट, चार खुर्च्या, आणि त्या भरायची जबाबदारी माझी. ऐकायला मोठं वाटतं, पण काम अगदी सोपं होतं, कारण तीन खुर्च्या कायमच्या ठरलेल्या होत्या. दोघं दोन पक्षांचे प्रवक्ते, आणि तिसरे देशपांडे साहेब, निवृत्त अधिकारी. पाणी असो, परीक्षा असो, सीमेवरचा तणाव असो, साहेबांना सगळ्यातलं सगळं कळायचं. चौथी खुर्ची तेवढी विषयाप्रमाणे बदलायची. ईद आली की एक मुसलमान, महिला दिनाला एक बाई, आणि आदिवासी दिवस आला किंवा आदिवासींवर कुठे अत्याचार झाला की बरेला सर. यात काही खटकण्यासारखं आहे हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. होळकरांच्या पदरी नोकऱ्या केलेल्या घराण्यातली मी, अन्नपूर्णा भागात वाढले. टीव्हीवर देशपांडे बोलायला लागले की आमचे बाबा आवाज वाढवायचे. आपला माणूस ना.

सर पहिल्यांदा आले त्या दिवशीची गोष्ट सांगते, सांगायला आजही लाज वाटते. मी रिसेप्शनपाशी उभी राहून त्यांना फोन लावत होते आणि फोन वाजला तो माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या खिशात. सडपातळ, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांची नजर माझ्या मोबाइलवर गेली. तिथं लिहिलं होतं 'ट्रायबल बरेला'. मी इंदौरी हिंदीत काहीतरी सारवासारव करायला लागले तर हे चांगल्या मराठीत म्हणाले, "ताई, देशपांडे साहेबांना कोणत्या नावानं ठेवलंय?"

मी म्हटलं, "देशपांडे सर."

"नुसतेच?"

"हो."

"असू द्या. घाईत असाल. सवडीनं बदला."

ओरडले असते तर बरं झालं असतं. मी तिथल्या तिथे नाव बदललं, तर ते पाठ करून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभे राहिले, मला अवघडायला नको म्हणून.

ते मूळचे सेंधव्याकडच्या डोंगरातले. धुळ्याच्या वसतिगृहात राहून शिकले, म्हणून मराठी अशी. पुढे राऊकडच्या एका कॉलेजात त्यांनी तीस वर्षं पोरांना रस्ते आणि चौक कसे आखायचे ते शिकवलं. कुणी कसलंही विधान केलं की त्यांचा एकच प्रश्न, "मोजलं का?" विद्यार्थ्यांना इंदौरी हिंदीत, भावाला 'भिया' म्हणत, "गिना क्या, भिया?" मी एकदा म्हटलं, आजकाल शहरातली गर्दी फार वाढली. तर लगेच, "मोजलं का?" मी वैतागून म्हटलं, सर, प्रत्येक गोष्ट कशाला मोजायची. ते म्हणाले, "ज्यानं मोजलेलं नसतं तो मोठ्यानं बोलतो, ताई. तुमचा कार्यक्रम बघा."

एका आदिवासी दिवसाच्या आधी आमच्या प्रोड्यूसरला हुक्की आली, की सरांनी पारंपरिक वेशात यावं, जमलं तर तीर-कमान घेऊन, म्हणजे पडद्यावर छान दिसेल. निरोप द्यायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात. सरांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "देशपांडे साहेबांना कधी सोवळं नेसून यायला सांगितलंत का?" मी हसले. ते हसले नाहीत, तेव्हा मी जाऊन प्रोड्यूसरला नकार कळवला.

कुणी म्हणेल, माणसाला आपल्या जातीजमातीची लाज वाटत असेल. छे हो. दर वर्षी होळीआधी भगोरियाच्या हाटाला, म्हणजे आदिवासींच्या जत्रेला, ते गावी जायचे, डोक्याला फेटा बांधून गळ्यात मोठा मांदल ढोल अडकवून दिवसभर वाजवायचे, आणि परत आल्यावर दुखरे खांदे दाखवायचे, तेसुद्धा कौतुकानं. मला म्हणाले होते, "मी आदिवासी आहेच. चोवीस तास आहे. त्यासाठी मला खुर्ची नको. खुर्ची द्यायची तर मला जे येतं त्यासाठी द्या. आमच्या जमिनींवर बोलायला देशपांडे चालतात ना तुम्हाला? मग फ्लायओव्हरवर बोलायला बरेला का चालत नाही?"

त्या फ्लायओव्हरनंच पुढचं सगळं घडवलं. शहरातल्या एका चौकावर तो होणार होता. सरांनी नकाशा मिळवून पाहिला, आणि एका सकाळी शाळेच्या वेळी मला त्या चौकात बोलावून घेतलं. हातात मावणारं, बटण दाबलं की आकडा वाढवणारं मोजणीयंत्र माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, रस्ता ओलांडणाऱ्या मुली मोजा. मी मोजत राहिले, अंगठा दुखायला लागला. मग त्यांनी दाखवलं, पुलाचा उतार तिथल्या मुलींच्या शाळेच्या फाटकापासून पन्नास पावलांवर येऊन टेकणार होता. "उतारावरून येणारा माणूस ब्रेक मारत नाही, ताई. त्याला वाटतं, आत्ता कुठे रस्ता मोकळा मिळाला. आणि समोर या पोरी." त्यांनी संबंधितांना पत्रं लिहिली होती. एकाचंही उत्तर आलं नव्हतं. आमची डिबेट मात्र ती सगळी मंडळी बघतात, तिथं दोन मिनिटं मिळाली तर काम होईल, एवढंच त्यांचं म्हणणं.

मी संपादकांकडे गेले. ते फाइलीतून मानसुद्धा वर न काढता म्हणाले, "बरेलाजी का फ्लायओवर से क्या लेना-देना? उनको आदिवासी दिवस पे बुला लेना." त्या पुलावर आमच्याकडे पाच डिबेट झाल्या. पाचही वेळा देशपांडे साहेब आले आणि पाचही वेळा त्यांनी पूल म्हणजे शहराची शान असं सांगितलं. चौकात ते कधी उतरले होते का, देव जाणे.

आदिवासी दिवस आला. पुलाच्या आराखड्यावर हरकती नोंदवायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. या वेळी सर नाही म्हणणार असं मी धरून चालले होते, पण ते चटकन हो म्हणाले. फक्त विचारलं, "कार्यक्रम लाइव्ह आहे ना? आधी चित्रित केलेला नाही ना?" मी म्हटलं, लाइव्ह आहे. त्या दिवशी ते कंट्रोल रूममध्ये आलेच नाहीत. थेट जाऊन खुर्चीवर बसले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

अँकरनं गोड आवाजात सुरुवात केली, की बरेलाजी, आजच्या या दिवशी आपला समाज काय अनुभवतोय ते सांगा. सरांनी हात जोडले आणि म्हणाले, आधी वडीलधाऱ्यांना विचारू. मग देशपांडे साहेबांकडे वळून, तितक्याच गोड आवाजात, "देशपांडेजी, उस चौराहे के फ्लायओवर के बारे में आपका समाज क्या महसूस करता है?"

साहेब गोंधळले. "मेरा समाज?"

"जी. आपका ब्राह्मण समाज."

"अरे, इसमें समाज कहाँ से आया? मैं तो शहर की बात करने आया हूँ."

"मैं भी," सर म्हणाले.

आणि ते सुरू झाले. उतार कुठे टेकतो, फाटक कुठे आहे, शाळा भरताना किती मुली रस्ता ओलांडतात, किती सेकंद लागतात, गाडी किती वेगानं खाली येते. आवाज न चढवता, वर्गात शिकवावं तसं. दोन्ही प्रवक्ते मोबाइल चाळत होते, कारण आकड्यांवर काय बोलायचं ते त्यांना कुणी पाठवलं नव्हतं. इकडे कंट्रोल रूममध्ये माझ्या कानात संपादक ओरडत होते, "माइक डाउन करो उनका." साउंडवाल्याचा हात बटणाकडे गेला. मी म्हटलं, "हात लावू नको, भिया. माझ्या नावावर घाल." नोकरीची भीती वाटत होतीच, खोटं कशाला बोलू. पण त्या आवाजाच्या आड यायची माझी प्राज्ञा नव्हती, आणि दुसऱ्या कुणाला येऊ द्यायची इच्छाही नव्हती. सर सहा मिनिटं बोलले.

दुसऱ्या दिवशी मला पाहुण्यांच्या कामावरून काढून सकाळच्या राशिभविष्यावर टाकलं. वर्षभर मी मेष ते मीन करत होते, आणि कुणी कीव करायला आलं की त्याला मेषेचं भविष्य ऐकवून परत पाठवत होते. सरांचं नाव चॅनलमध्ये कुणी पुन्हा काढलं नाही. पण ती सहा मिनिटं शाळेतल्या पालकांच्या मोबाइलवर फिरली, आणि मुदत संपायच्या आत हरकती घेऊन ते जथ्यानं गेले. पुढे उतार दुसऱ्या बाजूला हलवला गेला. त्यावर आमच्याकडे मोठी डिबेट झाली. सरांना बोलावलं नाही. देशपांडे साहेबांना बोलावलं, तर त्यांनी येणार नाही म्हणून कळवलं. ते असं का वागले हे चॅनलमध्ये कुणाला कळलं नाही. मला कळलं होतं.

सर मागच्या थंडीत गेले. सेंधव्याकडे त्यांच्या गावीच सगळं झालं. मी गेले होते. त्यांच्या विद्यार्थ्यांचा एवढा घोळका होता की मला कडेला उभं राहावं लागलं, आणि मी रडले ते तिथं, भर उन्हात, ओळखीचं कुणी नसताना.

त्या लाइव्हच्या संध्याकाळी मी सरांना सोडायला खाली निघाले होते. लिफ्ट बंद होती म्हणून देशपांडे साहेबही जिन्यानंच उतरत होते, कठड्याला धरून, एकेक पायरी. दुसऱ्या मजल्यावर ते दम घ्यायला थांबले, तसे सरही थांबले. मला वाटलं, आता भांडण होणार. साहेबांचा चेहरा उतरलेला होता. ते मराठीत म्हणाले, "बरेलाजी, सत्तरी ओलांडली मी. हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता."

सरांनी त्यांच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली आणि म्हणाले, "साहेब, मला याशिवाय दुसरा प्रश्नच कुणी विचारला नव्हता."