हार्लनचं थर्टी-थर्टी

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात हार्लन शिमेलनं उभा जन्म हरणावर एकाच जातीचं काडतूस झाडलं, बापाच्या वेळचं, जवळच्या माऱ्याचं थर्टी-थर्टी. मुलगा डेल लांब पल्ल्याची नवी बंदूक घेऊन आला, तेव्हा हा चारचौघांत खेकसला, "जवळ जायची छाती नाही, म्हणून हे खेळणं का रे?"

डेलनं त्याच दिवशी मोठा नर पाडला. हार्लननं त्या मटणाला तोंड लावलं नाही. डेल पुन्हा फिरकला नाही.

जुने सोबतीही एकेक करून मातीत गेले. यंदा शिकारीच्या झोपडीत हार्लन एकटाच होता, आणि हाकेच्या अंतरावरचं हरीण त्याच्याकडून हुकलं. ज्याचा नेम चुकला त्याच्या सदऱ्याचं टोक सोबत्यांनी कापून भिंतीला ठोकायचं, ही तिथली रीत. कापायला कुणी उरलं नव्हतं. त्यानं स्वतःच कापलं, खिळा ठोकला आणि रिकाम्या बाकांवर खेकसला, "काडतुसात खोट नाही!"