काडीचं एलडीएल

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या मिस्त्रीला सगळे 'काडी' म्हणत. हाडांवर कातडं, मधे काही नाही. लिफ्ट बंद पडली की याला बोलावणं, म्हणजे जिने चढणं आलंच, तेही हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकून. म्हणून कंपनीच्या तपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, तेव्हा त्याला हसूच आलं.

"कुण्या जाड्याचं रक्त माझ्या नावावर खपवलंय," तो बायकोला म्हणाला.

बायको हसली नाही. "मोठे भाऊजी जाऊन अजून वर्ष झालं नाही," एवढंच बोलली. त्याचा थोरला भाऊ भरल्या ताटावर कोसळला होता.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवर बोट ठेवलं. "हे एचडीएल, चांगलं कोलेस्टेरॉल, तुमचं ठीक आहे. पण हे एलडीएल रक्तवाहिनीत आतून थर धरतं. शंभराच्या आत हवं, तुमचं दोनशे दहा. वडील आहेत?"

"नाही. छातीत कळ येऊन गेले. मी शाळेत होतो तेव्हा."

"मग गोळी सुरू करू या."

"आधी खाणंपिणं सुधारतो. थोडे दिवस द्या मला."

बाई नाखुशीनेच तयार झाल्या. त्याने मात्र मन लावून केलं. तळलेलं बंद, लोणी बंद. सिगारेट सोडताना घरातल्या प्रत्येकावर खेकसून घेतलं. बायकोने डाळी, पालेभाज्या वाढवल्या. संध्याकाळी तो लेकीबरोबर चालायला जाऊ लागला. लेक शर्यतीत धावणारी. "बाबा, चालताय की लिफ्टची वाट बघताय?" म्हणत ती पुढे पळायची.

तीन महिन्यांनी आकडा आला एकशे ऐंशी.

"म्हणजे सगळं पाण्यात गेलं?" त्याचा चेहरा पडला.

"अजिबात नाही. उतरलं ते तुमच्या मेहनतीनेच, आणि ते चालूच ठेवायचं. पण एलडीएल रक्तातून काढून टाकणं तुमच्या शरीराला जन्मापासूनच नीट जमत नाही. गोळीला पर्याय नाही. हे घराण्यातून येतं. लेकीचंही तपासून घ्या."

स्वतःचं त्याने पचवलं असतं. लेकीचं मात्र पचेना. घरी सांगायचं तो आज-उद्यावर ढकलत राहिला. शेवटी बायकोनेच खोदून खोदून काढून घेतलं आणि लेकीला तपासणीला नेलं.

लेकीचंही वाढलेलं निघालं.

"मी तर रोज धावते," ती म्हणाली. "मग माझं काय चुकलं?"

"तुझं काही नाही चुकलं गं." ती बूट न घालताच दारात बसून राहिली. त्या दिवशी दोघंही चालायला गेले नाहीत. रात्री त्याने इतके दिवस टाळलेली पहिली गोळी पाण्याबरोबर घेतली.

मग एकदम त्याला भावाची दोन मुलं आठवली. त्याने फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

"वहिनी, पोरांचं रक्त तपासायला हवं."

वहिनीने विचारलं, "दोघांचंही?"

"हो, दोघांचंही," तो म्हणाला. "उद्या सकाळी मीच येतो न्यायला."