कुजबुजणारी शाळा

ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या आमच्या प्राथमिक शाळेमागे जमिनीची एक चिंचोळी पट्टी होती. मी तिथे दुसरीच्या वर्गावर आले तेव्हा त्या पट्टीत विटांचे तुकडे आणि कुणाची तरी मोडकी खुर्ची, एवढंच होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी तिथे परसबाग करायचं मनावर घेतलं. दिव्यात प्यायलाच पाणी पुरत नाही, बागेला कुठून आणणार? मग मुलं खिचडी खाऊन हात धुतात, ते पाणी आम्ही पाइप लावून मागे वळवलं. त्यावर लाल माठ आला, मुळा आला. भोपळ्याचा वेल तर माझ्या वर्गाच्या खिडकीला येऊन लागला.

कोंबड्या आणल्या खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी. त्या इथल्याच, पूर्वी घरची भातशेती असलेल्या. जुन्या फळ्या आणि जाळी जोडून त्यांनी खुराडं उभं केलं. दुपारी वर्गात तिरकं ऊन यायचं, बाहेर कोंबड्या आपसात काहीतरी पुटपुटत बसायच्या, पोरं पेंगायची. भिंतीवर भोपळ्याच्या पानांच्या सावल्या हलत. अशा वेळी मला वाटे, ही खोली कुठेतरी पाण्याच्या तळाशी आहे आणि आम्ही सगळे तिथेच सुखाने राहतो आहोत.

एके दिवशी तांबडी कोंबडी दिसेना. मुंगसाने नेली म्हणून मुलं रडली. पुढे दोन-तीन दिवसांनी माझ्या वर्गातली एक मुलगी धावत आली. ही फार अडखळायची. पहिल्याच अक्षरावर जीभ अडे, म्हणून तिने वर्गात बोलणंच टाकलं होतं. तिने माझा हात धरला आणि ओढत बागेत नेलं. भोपळ्याच्या पानांखाली, खिडकीच्या अगदी खाली, तांबडी पिसं फुलवून बसली होती.

मावशी वाकून म्हणाल्या, "खुडूक झालीय गो बाई ही. अंड्यांवर बसलीय. आता हिला हलवायची नाय, गोंगाट करायचा नाय."

"किती दिवस?"

"पिल्लं निघंपर्यंत."

माझा आवाज पहाडी. घरीसुद्धा मी वर्गात असल्यासारखीच बोलते, असं नवरा म्हणतो. पण त्या दिवसापासून मी कुजबुजत शिकवू लागले. मुलांना तो खेळच झाला. हळूहळू शेजारचे वर्गही त्यात आले. मुख्याध्यापिकाबाईंनी घंटा बंद केली आणि तास संपला की त्या दारात येऊन नुसता हात हलवायच्या. सगळी शाळा कुजबुजत पाढे म्हणायची. पावसाळी ढगात शिरल्यासारखं वाटायचं.

एका दुपारी मला एक अनोळखी आवाज ऐकू आला. अगदी हलका, पण सलग. ती मुलगी चारचा पाढा म्हणत होती. कुठेही न अडता. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. वळले तर ती थांबेल अशी भीती वाटली.

पिल्लं निघाली त्या सकाळी मुलं इतकी ओरडली की शेजारच्या चाळीतल्या बायका खिडक्यांत आल्या. काही अंडी तशीच राहिली. ती मावशींनी गुपचूप नेऊन पुरली. घंटा पुन्हा वाजू लागली. माझा आवाजही परत चढला, आणि ती मुलगी पुन्हा अडखळू लागली.

मी तिला जवळ बोलावून विचारलं, "मग? आता कसं करायचं?"

तिने थोडा विचार केला. मग कानाशी येऊन म्हणाली, "हळू वाचलं तर चालेल, बाई?"

"चालेल की."

दुसऱ्या दिवशी ती पुस्तक घेऊन वर्गासमोर उभी राहिली. मी मुलांना काहीच सांगितलं नव्हतं, तरी सगळी आपणहून पुढे सरकून, ऐकू यावं म्हणून माना पुढे काढून बसली. तिने धडा कुजबुजत वाचला. दोनदा अडली. आम्ही थांबलो. मग तिने पान उलटलं.