काकांची वाचनाची जागा

मी जन्मापासून आंधळी. समता कॉलनीतल्या एका लहानशा केंद्रात ब्रेल शिकवते. माझ्याकडे नोकरीसाठी शिकणारे पोट्टेच जास्त. पण त्या उन्हाळ्यात गुढियारी मोहल्ल्यातले एक काका आले. रेल्वेतून रिटायर, शुगरनं दोन्ही डोळे गेलेले. त्यायले नोकरी नव्हती पाहिजे. त्यायले विहारातली वाचनाची जागा परत पाहिजे होती.

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, आमच्या बौद्ध लोकायच्या विहारात रोज सांजच्याले धम्माचा ग्रंथ वाचतात. कितीतरी वर्षं ते काम काकांचंच. डोळे गेले अन् ती जागा दुसऱ्याले गेली. काका मागे बसून ऐकत, अन् ते ऐकणं त्यायच्या जिवाले लागे.

आषाढी पौर्णिमेले वाचन सुरू होणार होतं. मी ग्रंथाची पहिली पानं ब्रेलमध्ये करून दिली. अक्षरं जुळवताना रखडणारे काका आठवडाभरात सरसर वाचू लागले. मले भलता आनंद झाला. शिकवताना मी विद्यार्थ्याच्या हातावर हात ठेवते, तसा ठेवला, अन् त्यायच्या बोटाखालची ओळ चाचपली. पान उलटं होतं, खालची बाजू वर. काका तरी वाचूनच राहिले होते.

मी चिडले. हे काहून करून राहिले, म्हणून विचारलं. काकांनी पानावरचा हात काढला.

"बाई, शुगरनं बोटंही नेली माझी. मले वाटलं, सवयीनं कळू लागेल, पण काहीच लागत नाही हाताले. सुरुवात पाठ आहे. एक दिवस बसू द्या मले तिथं."

मी पान सरळ करून त्यायच्या हाती दिलं.

पौर्णिमेले मीही विहारात गेले. काकांचा आवाज खणखणीत, वाचन अगदी पहिल्यासारखं, असं बाजूच्या बाया म्हणत होत्या. मग पाठ असलेलं संपलं. काका थांबले. माइकमधून फक्त कागदावर नख घासल्याचा आवाज येऊन राहिला होता, ओळीच्या शेवटापर्यंत, मग परत पहिल्यापासून.

लोकायले वाटलं, म्हाताऱ्याचा कंठ दाटून आला. सारे एका सुरात "साधु, साधु, साधु" म्हणाले. माइकमधलं नख थांबलं नव्हतं. काका अजून ठिपके शोधून राहिले होते.