उपाशी न राहण्याचा हट्ट

चामोर्शीकडच्या आमच्या गावात मला ‘उपासाची पोरगी’ म्हणत. सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी, मी एकही सोडत नसे. घरातली पहिली पदवीधर, आणि वर इतकी देवाधर्माची! बाया आईला विचारत, “कोणतं पुण्य केलं वो बाई तू?”

पुण्याचा काही संबंध नव्हता. आमच्याकडे न जेवणाऱ्याला कोणी कारण विचारत नाही, फक्त वार विचारतात. ऑफिसातून परत आल्यावर घरात कोणी नसलं की मी स्वयंपाकघरात उभ्यानंच खायची. गंजातला, म्हणजे पातेल्यातला, थंड भात, मग गूळ, मग शेव. चव कळत नसे, पोट दुखलं तरी थांबता येत नसे. दुसऱ्या दिवशी त्यावर उतारा म्हणून उपास. आणि दिवसभर कोरडी राहिले की संध्याकाळी हात पुन्हा गंजात.

पोटदुखीसाठी जिल्ह्याच्या दवाखान्यात गेले, तेव्हा डॉक्टरांनी मला तिथल्या समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्यांनी एक पुस्तिका दिली. दर आठवड्याला एक प्रकरण मी वाचायचं, त्यातलं करून पाहायचं आणि फोनवर त्यांच्याशी बोलायचं. “काम तुम्हीच करणार हाये,” त्या म्हणाल्या, “मी फक्त बांधावर उभी.” हा हावरेपणा नाही, आजार आहे आणि त्याला इलाज आहे, हे मला पहिल्यांदा त्यांनी सांगितलं. ते उपकार मी विसरणार नाही.

पहिलं काम ठरल्या वेळी जेवायचं. आदल्या दिवशी काहीही झालेलं असो. उपास बंद.

“पण महाशिवरात्र येऊन राह्यली, बाई.”

“येऊ द्या. जेवणाले सुट्टी नाई.”

त्या दिवशी सगळं घर मार्कंड्याच्या जत्रेला निघालं. मी डबा भरताना आईनं पाहिलं.

“काऊन वो? आज?”

“एक दिवस उपाशी राह्यली की मंग मी थांबत नाई, आई. तुले माहीत हाये.”

तिला माहीत होतं. रिकामे गंज तीच घासत होती. ती म्हणाली, “बरं. तुह्या वाटचा उपास मी करीन.”

“माह्या वाटचा उपासच नाई, तं तू काय करशील?”

दर्शन घेतलं, आणि दुपारी वैनगंगेच्या वाळूवर सगळ्यांसमोर डबा उघडला. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, चटणी. सभोवताली सगळ्यांचे डबे उपासाच्या फराळाचे. मोठीमाय, म्हणजे माझी थोरली काकू, पाहतच राहिली.

“शिकली तं देव सोडला काय वो?”

“देवाले भेटूनच आली, मोठीमाय. तो काई बोलला नाई.”

“तो कुठी बोलते! आमी बोलतो.”

“बोला मंग. माहा भात थंडा होऊन राह्यला.”

बाया हसल्या, मोठीमाय नाही. मी डबा संपवूनच झाकण लावलं. त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले आणि पाणी पिऊन बाहेर आले.

पुढे पावसाळ्यात, भाताच्या रोवणीच्या दिवसांत मात्र पुन्हा घडलं. ऑफिसात साहेबांनी चारचौघांत झापलं, घरचे सगळे शेतावर, धानाच्या बांधीत होते, आणि मी गंजाशी उभी होते. असं होऊ शकतं, तेवढ्यानं आधी केलेलं वाया जात नाही, असं पुस्तिकेत होतं. वाचलेलं असूनही लाज वाटायची ती वाटलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं मला न विचारता साबुदाणा भिजवलेला. वार गुरुवार.

“एक दिवस पोटाले आराम दे,” ती म्हणाली. मायेनंच म्हणाली. माझं अख्खं अंग हो म्हणत होतं.

मी ताट घेऊन खाली बसले.

“नाई, आई. भात वाढ.”