सातवी गल

धुळाप्पाला गोल्फ कळत नव्हता, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. "मेंढरं राखनाऱ्याला चेंडू राखाया ठिवलंय, एवढंच," म्हणायचा. पण जळकोटजवळच्या त्या मुरमाड गायरानावर अकरा वर्षं राखणदार तोच होता आणि पटका बांधून असा फिरायचा, की नवखा माणूस त्यालाच मालक समजे.

मैदान काढलं तात्यारावांनी. निवृत्त ओव्हरसियर, कुठल्याशा छावणीत साहेबलोकांचा हा खेळ पाहून आलेले. गोट्यांसाठी पोरं खणतात तशा त्यांनी माळावर नऊ गली खणल्या. हिरवळ कुठून आणणार? गलीभोवती वाळू पसरायची आणि नळदुर्गच्या ढाब्यांवरून आणलेलं ट्रकचं जळकं तेल वर ओतायचं, म्हणजे ती दबून बसे. काठ्या बाभळीच्या. खेळ सगळ्यांना खुला. ड्रायव्हर, मास्तर, तुळजापूरचे पुजारी, कुणीही यावं. चेंडू लेंडीवर थांबला तर हातानं उचलायची मुभा होती. बोराटीत गेला तर ज्याचा त्यानं काढायचा.

सातवी गल मात्र वैरीण होती. ओढ्याच्या खोलगटात, दोन खडकांच्या मधे. "सातवी एका फटक्यात मार, मग तुला खेळाडू म्हणेन," असं तात्याराव एकदा सहज बोलून गेले आणि धुळाप्पानं ते मनावर घेतलं. रोज सकाळी माणसं यायच्या आत तो तिथं हात आजमावायचा. एकदा चेंडू मेंढीला लागला. ती आठ दिवस त्याच्याकडे पाठ करूनच चरत होती.

त्र्याऐंशी साली पाऊस नुसता तोंड दाखवून गेला. विहिरी आटल्या. पाझर तलाव कुठं करावा हे विचारायला पाटबंधाऱ्याचे साहेब चावडीवर आले. सगळे आपापलं कोरडं गाऱ्हाणं सांगत होते, तेवढ्यात धुळाप्पा उठला.

"साहेब, आमच्या सातव्या गलीचं कायतरी करा. पानी हटतच न्हाय. दीड महिना झाला, अजून चिखल. खेळायचं कसं?"

साहेबांनी डोकं वर केलं. दोन कोसांवरून घागरी आणून टाळूचे केस गेलेली त्याची बायको हरणाबाई मागून ओरडली, "पानी हाय म्हून तक्रार करनारा मानूस माज्याच नशिबी यावा, आई भवानी!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आठवड्यात जागा ठरली. चार गली भरावाच्या मातीला जाणार होत्या, पाच पाण्याखाली. तात्यारावांनी काठ्या बांधल्या. "ओव्हरसियर असून मला दिसलं नाही, ते तुला दिसलं," एवढंच ते म्हणाले. धुळाप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कामाच्या दिवशी तो तांबडं फुटताना सातवीवर गेला. तीन चेंडू मारले. तिन्ही चुकले. मग पाट्या घेऊन बायका आल्या, नारळ फुटला आणि मुकादमानं पहिल्या कुदळीचा मान पाणी दाखवणाऱ्याला दिला. धुळाप्पानं कुदळ उचलली आणि बरोब्बर गलीवर घातली. खाली ओल लागली. बघता बघता गल पाण्यानं भरली. हरणाबाईनं ती ओली माती कपाळाला लावली.

"एका फटक्यात, धुळाप्पा," तात्याराव हळूच म्हणाले.

धुळाप्पाला हसू आलं आणि डोळेही भरले.

"व्हय जी," तो म्हणाला. "झालो खेळाडू. आता खेळू कुठं?"