पावसाच्या आकड्यांची झाडलोट

कळ दाबली, काहीतरी खोडलं गेलं, आणि आकडा होता तसाच राहिला. असं खोडणं मी काल तालुक्याच्या कचेरीत पहिल्यांदा पाहिलं.

आमच्या गावचा पाऊस मी रोज सकाळी मोजतो आणि मोबाईलवरून कळवतो. पण संगणकावर आमची बेरीज शून्य येत होती. म्हणून, मी पाऊस मोजतच नाही असं समजून, पर्जन्यमापक दुसऱ्या गावी हलवायचं चाललं होतं.

"मी चौथी नापास आहे, खोटा नाही," मी कारकून बाईंना सुनावलं.

"बसा हो काका, भांडण नंतर करू."

बाईंनी तपासून सांगितलं, आकड्याला चिकटून मोबाईलमधून एक अक्षर येत होतं. ते डोळ्यांना दिसत नाही, पण त्याच्यामुळे संगणक आकड्याला आकडाच मानत नाही. बाई एकेका आकड्यामागचं ते काढत गेल्या आणि खालची बेरीज वाढत गेली.

माणसालाही असं काहीबाही चिकटलेलं असतं. कुणाला बोली, कुणाला मळकं धोतर. मग तो खरं बोलला तरी मोजला जात नाही.

मध्येच त्या थांबल्या. "काका, ऐन श्रावणात या दिवशी शून्य? खरं आहे हे?"

"खरं आहे."

त्यांनी ते शून्य तसंच ठेवलं आणि पुढच्या आकड्याकडे वळल्या. यंत्र गावातच राहिलं, त्याचा आनंद आहेच. पण माझा शब्द कुणी असा नुसता ऐकून खरा धरावा, हे मला फार मोठं वाटलं. उठून मी बाईंना हात जोडले. बाईंनी मान हलवली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.